साडेतीन हजार टनांची क्रूझर

श्रोतेहो, नमस्कार.

आज आपल्याला एक जहाज बांधायचंय. साल धरा १९१२. सरकार काल्पनिक आहे आणि सगळ्या सरकारांसारखंच तंगीत. हुकूम असा, की एक हलकी क्रूझर, म्हणजे छोटी चपळ युद्धनौका हवी, वजन ३,५०० टन, त्यावर एक टनही मंजूर होणार नाही. चौरसांचा कागद आणि पेन्सिल घ्या. माझा हा जुना नाद आहे. घरचे हसतात, हसू देत.

पहिला प्रश्न कामाचा. या जहाजानं मोठ्या आरमाराच्या पुढे धावून शत्रूचा माग काढायचा, विनाशिकांच्या टोळीचं पुढारपण करायचं, वेळ आली तर दोन हात करायचे. म्हणजे वेग हवाच. आणि वेग ही फार महाग चीज आहे. ढोबळ हिशेब असा, की लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २२ नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) २५ नॉटवर जायचं, म्हणजे तीनच नॉट, तर इंजिनांची ताकद जवळजवळ दीडपट करावी लागते. तेवढी इंजिनं, तेवढे बॉयलर आणि ते मावतील एवढी लांबी, हे सगळं त्याच ३,५०० टनांत बसवायचं.

मग इंजिन कोणतं? ब्रिटिशांनी याचा छान प्रयोग करून पाहिला होता. टोपाझ वर्गाच्या चार क्रूझर जवळपास सारख्याच बांधल्या. तिघींना दट्ट्याची जुनी वाफेची इंजिनं दिली आणि चौथीला, अ‍ॅमेथिस्टला, टर्बाइन, म्हणजे वाफेच्या झोतानं फिरणारी पात्यांची चक्रं. चाचण्यांत अ‍ॅमेथिस्ट बहिणींपेक्षा नॉटभराहून अधिक पुढे गेली, तीही जोरात पळताना कमी कोळसा खाऊन. संथ चालीत मात्र जुनी इंजिनंच काटकसरी ठरली. जर्मनांनीही ड्रेस्डेनला टर्बाइन दिलं आणि तिच्या जोडीच्या एमडनला जुनी इंजिनं. हो, तीच एमडन, जिनं २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. आपल्याला धावायचंय, म्हणून आपण टर्बाइन घेऊ.

आता इंधन, आणि खरी मेख इथे आहे. कोळसा म्हटला की भट्ट्यांपुढे आगवाले आले. कोकणातल्या कितीतरी घरांतले पुरुष आगबोटींवर हेच काम करत, त्यांना वेगळं सांगायला नको. तेल घेतलं तर तेवढी माणसं लागत नाहीत, टनामागे उष्णता जास्त मिळते, धूरही कमी. म्हणून तेल घ्यावं हे उघड वाटतं. पण कोळशाच्या कोठ्या जहाजाच्या दोन्ही कुशींना असत आणि आत घुसणारा गोळा त्या कोळशात अडत असे. कोळसा गेला की ही फुकटची ढाल गेली. तिच्या जागी कुशीवर पोलादी पट्टा चढवणं आलं. ब्रिटिशांच्या अ‍ॅरेथुसाचं नेमकं हेच झालं. १९१३ साली पाण्यात उतरलेली ही क्रूझर निव्वळ तेलावर चालणारी होती, आणि तिच्या कुशीला ३ इंचांपर्यंत जाडीचा पट्टा होता. एका निर्णयाच्या शेपटीला दुसरा असा बांधलेला असतो.

राहिल्या तोफा. अ‍ॅरेथुसावर दोन ६ इंची आणि सहा ४ इंची अशी मिसळ होती. मला ती पटत नाही. दोन मापांचे गोळे पाण्यात पडले की कुठला तुषार कोणाचा हे कळत नाही, मग नेम सुधारायचा कसा? ४ इंचीच्या बाजूनं एक युक्तिवाद जरूर आहे. ६ इंची गोळा ४५ किलोंचा, तो डोलणाऱ्या डेकवर हातांनी उचलून भरायचा, दमछाक होते. पण ९ नोव्हेंबर १९१४ ला हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांपाशी काय झालं पाहा. एमडनच्या दहा तोफा, साधारण ४ इंची; तिच्याशी भिडलेल्या ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ या क्रूझरच्या आठ, ६ इंची. एका बाजूला मात्र दोघींच्याही पाचच तोफा लागू पडत. एमडनचा गोळा साधारण १७ किलोंचा, म्हणजे एका फैरीला ८५ किलो. सिडनीचा ४५ किलोंचा, म्हणजे २२५. सुरुवातीचे नेम एमडननं सुरेख साधले, पण दोन तासांच्या आत ती नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकावर चढवावी लागली. सिडनीचे चार जण गेले, एमडनचे शंभरावर.

म्हणून माझ्या जहाजावर फक्त ६ इंची तोफा, आणि त्याही कडेला नाहीत. पाचही मधल्या रेषेवर. मग कुठल्याही कुशीला पाचांचा मारा होतो, जो सिडनीला आठ तोफा वाहून मिळत होता. पुढे युद्ध चालू असताना ब्रिटिशही याच मांडणीवर आले. एक पथ्य पाळायचं, तोफा फार उंच चढवायच्या नाहीत. गलबतात माल वर रचला की ते कसं कलतं हे कुठलाही तांडेल सांगेल.

आता बेरीज करू. सांगाडा १,५५०. यंत्रं ८००. तेल ४५०. चिलखत ४३०. तोफा आणि दारूगोळा १८०. माणसं, पाणी, शिधा, होड्या, नांगर मिळून १५०.

झाले ३,५६०. साठ टन जास्त!

मी कुशीचा पट्टा आखूड केलाय. तो आता फक्त बॉयलर आणि इंजिनांपुरता, पुढच्या नाळेची आणि मागच्या वरामाची बाजू उघडी. माझा एक मित्र म्हणतो, पाचवी तोफ काढ. तुम्ही काय काढाल ते कागदावर लिहून ठेवा. नमस्कार.