जहाजाची पिट

राम राम मंडळी. आपल्या खान्देशात समुद्र कुठला, आहे ती तापी, आणि हा गडी गोदीवर काय बोलायला बसला असं वाटलं असेल तुम्हाला. पण भुसावळच्या लोको शेडमधली पिट ज्यांनी पाहिलीय त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. इंजिन वर उभं आणि फिटर खाली खड्ड्यात उतरून त्याच्या पोटाशी काम करतो. सुकी गोदी म्हणजे जहाजाची पिटच, फक्त आधी जहाज पाण्यासकट आत घ्यायचं आणि मग पाणी काढून टाकायचं.

मुंबईतली जुनी गोदी आता नेव्हीच्या डॉकयार्डात आहे, लायन गेटच्या आत, त्यामुळे आपल्याला बाहेरून भिंतच दिसते. सुरतेचा पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया, त्याला ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये मुंबईला आणलं. १७५० मध्ये पहिली सुकी गोदी झाली, मग १७६२ आणि १७६५ मध्ये तिला लागून आणखी दोन. तिथे उधाणाला भरती-ओहोटीत ४-५ मीटरचा फरक पडतो, हीच खरी मेख. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला बरंचसं पाणी आपसूक उतरतं, मग दरवाजे बंद, उरलेलं उपसायचं, बाजूंनी टेकू लावायचे आणि बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायला घ्यायचे.

लाकूड सागाचं. सागात तेल असतं, खिळा लवकर गंजत नाही, ओकमध्ये गंजतो. आपल्या वाड्यांच्या चौकटी पाहा की, शंभर वर्षं हलत नाहीत. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात सोडलेली ट्रिंकोमाली नावाची युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतेय. गंमत म्हणजे तिचे नकाशे जावा नावाच्या जहाजातून येत होते, ते जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांनी पकडून जाळलं, मग नकाशे नव्याने पाठवावे लागले.

हे सगळं मी घरी सांगत होतो. वडील रेल्वेतून रिटायर, फिटर होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाणी उतरल्यावर आत राहिलेले मासे कोन नेतं रे?"