नवा पार्ट बिघडला, तर क्रेनचे पैसे कोणी द्यायचे?

नमस्कार श्रोतेहो.

माझा मावसभाऊ शिरपूरला राहतो. गेल्या मे महिन्यात घरचं लग्न होतं नाशिकला. गाडीचा वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यात कूलंट फिरवणारा पंप, गळत होता, म्हणून त्यानं ओळखीच्या गॅरेजमध्ये नवा बसवून घेतला. पंपाचे 2,800 रुपये, मजुरी 1,500. नवव्या दिवशी मावशी, बायको आणि दोन लेकरं घेऊन तो निघाला. गोरज मुहूर्त होता, म्हणून जेवून, भर उन्हात. सोनगीर गेलं, धुळं गेलं, लळिंगचा घाट ओलांडला आणि झोडग्याच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल पट्ट्यात शिरला. पंपाचं बेअरिंग गेलं होतं. बोनेटखालून वाफा निघत होत्या आणि सत्तरीची मावशी डोक्यावर पदर धरून हायवेच्या कडेला उभी.

क्रेननं गाडी धुळ्याला आणली, 4,500 रुपये. दुसरी गाडी करून मंडळी नाशिकला गेली, 3,800. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील, उडालं होतं. हेड (तो वरचा भाग) खोलणं, फेसिंग करणं म्हणजे ते घासून सपाट करणं, नवं गॅस्केट, कूलंट, ऑइल, सगळं मिळून 21,000. आणि गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘पार्ट बदली देस भाऊ, बाकीनं मना हातमा नही.’ म्हणजे, पार्ट बदलून देतो, बाकीचं माझ्या हातात नाही.

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. आज मी त्या एका वाक्याबद्दलच बोलणार आहे.

मी वकील आहे, ग्राहकांच्या तक्रारी चालवते. आणि माझे वडील धुळ्यात फिटर होते. त्यामुळे गॅरेजवाल्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ वळत नाही. पंप त्यानं बनवलेला नाही. दुकानातून आणला, वर दोन-तीनशे रुपये सुटले असतील. तेवढ्यासाठी 29,300 रुपयांचा भुर्दंड म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. त्याची अडचण खरी आहे. पण त्याचं म्हणणं कायद्यात बसत नाही.

माझ्या भावानं व्यवहार कुणाशी केला? गॅरेजशी. पंप कुठल्या दुकानातला, हे त्याला ठाऊकही नव्हतं. पार्ट गॅरेजनं दिला, बसवला, पैसे घेतले. हाच करार, आणि पार्ट बिघडला तिथं तो मोडला. आपला भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याचं कलम 73 सांगतं की करार मोडल्यामुळे नेहमीच्या ओघात जे नुकसान होतं, किंवा असं नुकसान होईल हे दोन्ही बाजूंना करार करतानाच माहीत होतं, त्याची भरपाई द्यावी लागते. लांबच्या, आडवळणाच्या नुकसानीची नाही.

आता हे त्या रस्त्यावर लावून बघा. पंप गेला की गाडी उभी राहते आणि उभी राहिलेली गाडी उचलूनच न्यावी लागते. म्हणजे क्रेनचा खर्च सरळ त्याच ओघातला. दुसऱ्या गाडीचं भाडं? भावानं पंप बसवतानाच सांगितलं होतं, ‘नानाभाऊ, लग्नाला नाशिकला जायचंय, आई सोबत आहे, नीट बघा.’ हे बोलणं फार मोलाचं ठरलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, गाडी टाकताना कुठं जायचंय ते बोला आणि जॉबकार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या कागदावर, लिहून घ्या. याउलट, रावेरचा एखादा केळीचा व्यापारी म्हणाला की गाडी बंद पडली म्हणून माझा दोन लाखांचा सौदा हुकला, आणि त्या सौद्याची गॅरेजला कल्पनाच नव्हती, तर ते दोन लाख गॅरेजकडून मिळणं अवघड.

राहिलं हेड. इथं मी भावाला स्पष्टच विचारलं, काटा लाल झाल्यावर किती चालवलीस? आधी गप्प बसला. मग म्हणाला, पाच-सहा किलोमीटर, सावली शोधत होतो. उन्हात लेकरं आणि म्हातारी घेऊन कुणाचाही जीव कासावीस होईल, मला समजतं. पण कूलंट फिरायचं थांबलं की ॲल्युमिनियमचं हेड बघता बघता वाकतं. लगेच इंजिन बंद केलं असतं तर कदाचित पंपावरच निभावलं असतं. त्याच कलम 73 च्या स्पष्टीकरणात म्हटलंय की नुकसान टाळायचे जे मार्ग तुमच्या हातात होते, तेही भरपाई ठरवताना पाहिले जातात. त्या 21,000 वर गॅरेजवाला वाद घालू शकत होता आणि त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. श्रोतेहो, काटा चढला की गाडी आहे तिथं बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका.

बेअरिंग का गेलं, हा पुढचा प्रश्न. पंपच खराब असेल. किंवा पंप फिरवणारा बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला असेल; तसा ताणला की बेअरिंगवर भार येतो. आपल्याकडे कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओततात, त्यातल्या क्षारांनी पंपाचं सील खराब होतं आणि पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. दोष पंप बनवणाऱ्याचा की बसवणाऱ्याचा, हे गॅरेज आणि दुकानदार आपसात ठरवू शकतात. ग्राहकाला मात्र पंपच निकामी झाला हे दाखवावं लागतं. आणि बहुतेक प्रकरणं इथंच हातची जातात, कारण तोपर्यंत पंप भंगारात गेलेला असतो.

आमचाही गेलाच असता. धुळ्याच्या मिस्तरीनं तो काढून कोपऱ्यात फेकला होता. मी जाऊन उचलला, शाफ्ट हलवून त्याचा ढिलेपणा मोबाइलमध्ये चित्रित केला, पंपावरच्या नंबराचा फोटो घेतला. हेड खोलायच्या आधी शिरपूरच्या गॅरेजवाल्याला फोन केला की या, डोळ्यांनी बघा. तो आला. त्याच्यासमोर इंजिन उघडलं, म्हणून पुढं ‘तुम्हीच काहीतरी केलं असेल’ असं म्हणायला जागा उरली नाही. वॉरंटीसाठी जुना पार्ट परत मागतात. द्यावा, पण पोच घेऊन.

पार्ट तुम्ही स्वतः दुकानातून आणून मिस्तरीला नुसता बसवायला दिलात, तर मात्र गणित बदलतं. पार्टच्या दोषाबद्दल दुकानदाराला धरायचं, मिस्तरीला फक्त बसवण्याबद्दल. आणि शंभर-दोनशे वाचवायला बिल नको म्हणू नका. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला चालत नाही.

बोलून मिटलं नाही तर आधी लेखी पत्र द्या, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आहे. गॅरेज परगावचं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत 2 वर्षांची. माल किंवा कामासाठी तुम्ही मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. एकच गाडी स्वतः चालवून त्यावर पोट भरणारा किराया करणारा भाऊही ग्राहकच असतो. गाडी धंद्याची आहे म्हणून तुला हक्क नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आमचं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. मी एका पानाचं पत्र लिहिलं. त्यात कलम होतं, तीन बिलं होती आणि काटा लाल झाल्यावरही भावानं गाडी पाच-सहा किलोमीटर चालवली हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. गॅरेजवाला ते पत्र आणि पंप घेऊन दुकानदाराकडे गेला. दुकानदारानं पंपाचे पैसे परत दिले आणि क्रेनचे निम्मे सोसले. उरलेले क्रेनचे आणि नाशिकच्या गाडीचे पैसे गॅरेजनं दिले. हेडच्या 21,000 पैकी 9,000 त्यानं दोन हप्त्यांत दिले, बाकीचे भावानं स्वतः भरले. मावशीला हे पटलेलं नाही. तिच्या मते सगळेच मिळायला हवे होते. गाडी अजून त्याच गॅरेजमध्ये जाते.