टॉड्री: एका राणीच्या गळ्यातली फीत

श्रोतेहो, नमस्कार.

एक रेशमी फीत डोळ्यांसमोर आणा. गळ्याभोवती बांधायची, नाजूक विणीची. इंग्लंडमधल्या ईली गावी संत ऑड्रीच्या नावाने ऑक्टोबरात जत्रा भरायची, तिथे ही फीत विकली जायची. ही ऑड्री म्हणजे सातव्या शतकातली राणी एथेलथ्रिथ. राज्यवैभव सोडून ती संन्यासिनी झाली, तिने ईलीला मठ स्थापला आणि 679 साली ती वारली. शेवटच्या दिवसांत तिच्या मानेवर मोठी गाठ आली होती. बीड या जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की ती म्हणायची, तरुणपणी मी या गळ्यात हौसेने दागिन्यांचं ओझं वागवलं, त्याचंच हे फळ.

आणि तिच्याच जत्रेत लोक हौसेने गळ्यातल्या फिती घेऊ लागले! सुरुवातीला त्यात कुणाला काही हलकं वाटत नव्हतं. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल' नाटकातली एक खेडवळ मुलगी आपल्या प्रियकराला आठवण करून देते, तू मला टॉड्री लेस घेऊन देणार होतास. 'सेंट ऑड्री' भरभर म्हणून बघा. 'सेंट'मधला ट पुढच्या नावाला चिकटतो आणि उरतं 'टॉड्री'. पुढे जत्रेतला माल स्वस्त आणि भडक होत गेला, आणि सतराव्या शतकात 'टॉड्री' हे विशेषणच झालं. अर्थ काय, तर वरून चकचकीत आणि आतून फुटक्या किमतीचं. ज्या बाईने दागिने टाकले, तिचं नाव सगळ्यात उथळ नटव्या वस्तूला मिळालं. मला याचं आजही वाईट वाटतं.

इंग्रजीत थाटमाट, चैन, दिखावा आणि बढाई यांसाठी ढीगभर शब्द आहेत. आपण त्यातल्या निम्म्यांना सरसकट 'भपकेबाज' म्हणून मोकळे होतो. एका मराठी अनुवादात मी एका शालीन, नेटक्या वृद्धेचं वर्णन 'भपकेबाज' असं वाचलं. मुळात शब्द होता 'एलेगंट'. एका शब्दाने त्या बाईचं अख्खं व्यक्तिमत्त्व फिरलं. म्हणून आज हे बोलतोय. यातल्या प्रत्येक शब्दात एक निवाडा दडलेला असतो: बोलणारा कौतुक करतोय की नाक मुरडतोय? आणि हा निवाडा काळाबरोबर उलटाही होतो.

'एलेगंट'चंच घ्या. मूळ लॅटिन शब्द 'निवडणे' या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेला आहे. एलेगंट म्हणजे नेमकं निवडणारा. पण फार जुन्या रोममध्ये हा शब्द प्रशंसेचा नव्हताच. कपड्यालत्त्यात आणि खाण्यापिण्यात अति चोखंदळ असणाऱ्या माणसाला तो दूषण म्हणून लावत. पुढे तोच शब्द सुसंस्कृतपणाचा झाला. मराठीत त्याला 'डौलदार' किंवा 'नेटका' शोभतो. भपक्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

'लक्झरी'चा प्रवास तर याहून थक्क करणारा. लॅटिनमध्ये 'लक्झुरिया' म्हणजे अतिरेक, माजलेली वाढ. रान माजतं तशी. मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मशास्त्रात सात महापातकांपैकी कामवासनेला हेच नाव होतं, आणि जुन्या इंग्रजीतही 'लक्झरी' म्हणजे विषयलोलुपता. शेक्सपिअरने हा शब्द वापरला तेव्हा त्याच्या मनात हाच अर्थ होता. महागड्या सुखसोयी हा अर्थ सतराव्या शतकापासून रुजू लागला. आज हाच शब्द जाहिरातीत सोनेरी अक्षरांत मिरवतो आणि पापाचा लवलेशही कुणाला जाणवत नाही. जुनं इंग्रजी वाचताना मात्र हे ठाऊक हवं, नाहीतर एखाद्या पात्रावर केलेला घोर आरोप आपण त्याची ऐषआरामी राहणी समजून बसू.

'सम्पच्युअस' म्हणजे खर्चिक थाटाचं. त्याच्या पोटात 'खर्च' हा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. त्याच मुळातून खर्चावर लगाम घालणाऱ्या कायद्यांचं नाव आलं. रोममध्ये इ.स.पू. 215 साली एका कायद्याने स्त्रियांना अर्ध्या औंसाहून जास्त सोनं बाळगायला बंदी केली. वीस वर्षांनी स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि तो कायदा रद्द झाला. 'लॅव्हिश'मध्ये पाऊस आहे, धो धो कोसळणारी सर. म्हणून त्याला 'सढळ' किंवा 'मुक्तहस्त' जवळचा. 'फ्लॅम्बॉयंट', म्हणजे भडक ऐटीचं, यात ज्वाळा आहेत. पंधराव्या शतकातल्या फ्रेंच चर्चच्या खिडक्यांवरची दगडी नक्षी ज्वाळांसारखी लवलवती असायची, त्या शैलीचं हे नाव. आणि 'ग्लॅमर'? तो 'ग्रामर'चाच स्कॉटिश अवतार! अडाणी लोकांना पोथीविद्या म्हणजे जादूटोणाच वाटे, म्हणून ग्लॅमरचा पहिला अर्थ नजरबंदी. वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून तो पसरला. मला हा सगळ्यांत नेमका वाटतो, कारण ग्लॅमर आजही नजरबंदीच करतं.

'पॉश'बद्दलची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल: भारतात येणाऱ्या बोटींवर सावलीच्या बाजूच्या खोल्या घेणाऱ्या धनिकांच्या तिकिटांवर म्हणे पी-ओ-एस-एच या चार अक्षरांचा शिक्का असे: 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', म्हणजे येताना बोटीची डावी बाजू, परतताना उजवी. गोष्ट छान आहे, पण तिला पुरावा नाही. 'रिट्झी', म्हणजे उंची थाटाचं, याचा उगम मात्र पक्का आहे. सेझार रिट्झ हा 1850 साली स्वित्झर्लंडच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला तेरावा मुलगा. 1898 साली त्याने पॅरिसमध्ये आपल्या नावाचं हॉटेल उघडलं, आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत त्याचं आडनाव इंग्रजीत विशेषण होऊन बसलं.

आता बढाई. इथे इंग्रजीने शब्द चक्क काल्पनिक माणसांकडून घेतलेत. इंग्रज कवी स्पेन्सरच्या 1590 सालच्या महाकाव्यात एक ब्रॅगाडोकिओ आहे. 'ब्रॅग' या इंग्रजी शब्दाला इटालियन शेपूट जोडून केलेलं हे नाव. हा गडी एका सरदाराचा घोडा आणि भाला चोरतो, त्या चोरलेल्या घोड्यावर बसून वीराचा आव आणतो, आणि खरी लढाई आली की पाय लावून पळतो. फुशारकी मारणाऱ्याचं याहून अचूक चित्र मी वाचलेलं नाही. त्याच्यावरून 'ब्रॅगाडोशिओ' म्हणजे पोकळ बढाई. इटालियन काव्यातल्या रोडोमोन्ते या गर्विष्ठ राजावरून 'रोडोमॉन्टेड', आणि रोमन नाटकातल्या थ्रासो नावाच्या शिपाईगड्यावरून 'थ्रासॉनिकल'. मराठीत आपण टेंभा मिरवतो, बाता मारतो, शेखी मिरवतो. आपल्याकडे बढाईला क्रियापदं मिळाली, त्यांनी तिला माणसं दिली.

शेवटी माझ्या फार आवडीचा शब्द: 'पनाश'. मूळ अर्थ शिरस्त्राणावरचा पिसांचा झुबका. 1897 साली पॅरिसच्या रंगभूमीवर एदमों रोस्तांचं 'सिरानो द बर्जराक' आलं. लांब नाकाचा, निर्धन, कुणापुढे न वाकलेला सिरानो शेवटच्या प्रवेशात मरणाच्या दारात तलवार उपसून उभा राहतो. माझं सगळं हिरावून घ्या, म्हणतो, पण एक गोष्ट मी डाग न लागता सोबत नेणार आहे. आणि नाटकाचा शेवटचा शब्द येतो: माझा पनाश. तेव्हापासून इंग्रजीतही त्या पिसांना हा नवा अर्थ चिकटला, ऐट आणि धाडस एकत्र.

मराठीत याला काय म्हणायचं यावर मी बरेच दिवस घालवलेत. 'तोरा' म्हटलं तर दूषण होतं. 'रुबाब' जवळ येतो, पण त्यात थोडा धाक आहे. सिरानोच्या तोंडी मी 'तुरा' हाच शब्द ठेवेन. पिसंही तीच, आणि मानाने डोक्यावर खोवलेली.

नमस्कार.