रानात तगणं आणि शेतात पिकणं

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘एरंडाला पर्याय: मोहरीच्या कुळातली फायसेरिया’. त्यावर मी येणारच आहे. पण आधी मला बियाण्याबद्दल बोलायचंय. या वनस्पतीच्या तेलावर सगळे भरभरून बोलतात आणि पेरणीचा विषय निघाला की गप्प होतात.

ओळख थोडक्यात करून देतो. फायसेरियाच्या शंभराच्या आसपास जाती आहेत. बहुतेक पश्चिम अमेरिकेच्या कोरड्या पट्ट्यातल्या, थोड्या बोलिव्हिया-अर्जेंटिनातल्या. चुनखडी, शेल, जिप्सम अशा नापीक जमिनीवर त्या वाढतात. फूल मोहरीसारखंच, चार पिवळ्या पाकळ्यांचं. शेंग मात्र लांब नसते. गोल, फुगीर बोंड असतं. पानांवर चांदणीच्या आकाराच्या केसांचा इतका दाट थर असतो की झाड रुपेरी दिसतं. शेतीच्या दृष्टीने महत्त्वाची जात एकच, फायसेरिया फेंडलेरी. ऑगस्ट फेंडलर यांनी १८४७ मध्ये अमेरिकेतल्या सांता फेच्या परिसरात वनस्पती गोळा केल्या, त्यांचं नाव हिला मिळालं. जुने शोधनिबंध वाचणार असाल तर ‘लेस्केरेला’ या नावाने शोधा. २००२ मध्ये ती प्रजाती फायसेरियात विलीन झाली, पण शेतीवरचं बरंचसं लिखाण आधीच्या नावाखालीच आहे. नव्या नावाने शोधणाऱ्याला वाटतं, यावर काही काम झालेलंच नाही.

आता बियाणं. हजार दाण्यांचं वजन जेमतेम ०.६ ग्रॅम. मोहरीचे हजार दाणे तीन ते पाच ग्रॅम भरतात. हे बी राजगिऱ्याहूनही हलकं. त्यात साठवण कमी, म्हणून अंकुराला जोर कमी. शिवाय ताज्या बियांना सुप्तावस्था असते आणि उगवायला उजेड लागतो. मोहरीसारखं बोटभर खोल पेरलंत तर संपलं. वरून टाकायचं आणि नुसतं दाबायचं, मातीचा थर अर्ध्या सेंटिमीटरच्या आतच ठेवायचा. पण बी इतकं वर ठेवलं की वरची माती सुकून चालत नाही. पाणी लांबलं की पापुद्रा धरतो आणि कोंब त्याखालीच मरतो. म्हणून पहिले काही दिवस हलक्या पाण्याच्या पाळ्या लागोपाठ द्याव्या लागतात.

हिशेब करा. हेक्टरी आठ किलो बी टाकलं तर ते सव्वा कोटीच्या वर दाणे होतात. हेक्टरी हवी असतात सुमारे दहा लाख झाडं. म्हणजे तेरातला एक दाणा झाड झाला तरी पुरे, आणि तेवढीही उगवण प्रत्येक शेतात मिळत नाही! विरळ उगवलं की उघड्या जमिनीत तण येतं. अ‍ॅरिझोनात पेरणी ऑक्टोबरात होते. थंडीत झाड जमिनीलगत बसून राहतं, फारसं वाढत नाही, आणि हिवाळी तण तेवढ्यात त्याच्या डोक्यावर जातं. पुढे फुलोऱ्यात मधमाश्या नसल्या तर बोंडं भरत नाहीत, कारण स्वतःच्या परागाने बी धरत नाही. काढणी मे-जूनमध्ये. आधी पाणी तोडून पीक उभ्यानेच वाळवावं लागतं. बी बारीक असल्यामुळे मळणीयंत्राला फट राहिली तर तिथूनही गळतं.

आणि माझा खरा मुद्दा पाण्याचा आहे. वाळवंटातली वनस्पती म्हणून हिला ‘कमी पाण्याचं पीक’ म्हणतात. मला हे पटत नाही. रानातलं झाड पाऊस झाला तर चार बोंडं धरतं, नाही झाला तर बी मातीत पडून वाट पाहतं. शेतकऱ्याला असं वर्ष सोडून देता येतं का? अ‍ॅरिझोनात परवडेल असं उत्पन्न काढायला ६०० मिलिमीटरच्या वर पाणी लागतं. आपल्या सोलापूर-बीडकडे अख्ख्या वर्षात जेवढा पाऊस पडतो, जवळजवळ तेवढं. तगण्याची ताकद वेगळी, पिकण्याची वेगळी.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर एरंड.

एरंडेलाची किंमत आहे ती रिसिनोलिक आम्लामुळे. त्याच्या अठरा कार्बनच्या साखळीत बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, असतो. वंगण, रंग, प्लास्टिक, सगळं त्याच्या जोरावर. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी कृषिखात्याच्या रसायनतज्ज्ञांना लेस्केरेलात त्याचाच भाऊ सापडला, लेस्केरोलिक आम्ल. झाड आधी रिसिनोलिकच तयार करतं, मग त्याला दोन कार्बन जोडतं. साखळी वीसची होते आणि हायड्रॉक्सिल गट चौदाव्या जागी जातो. एरंडीतलं रायसिन हे विष यात नाही, हा मोठा फायदा. पण एरंडीत तेल ४५ ते ५० टक्के आणि त्यातलं ८५ ते ९० टक्के कामाचं आम्ल. इथे तेल साधारण २५ टक्के, त्यात लेस्केरोलिक ५५ ते ६०. शंभर किलो बियांमागे तिकडे चाळीसेक किलो, इकडे चौदा-पंधरा. हा फरक नुसत्या रसायनाने भरून निघत नाही. दाणा, उगवण आणि पाणी या तिन्हींवर वाण सुधारावं लागेल. पेंडीत मोहरीवर्गीय ग्लुकोसिनोलेट, म्हणजे मोहरीला तिखटपणा देणारी द्रव्यं, असतात, त्यामुळे ती जनावरांना सरसकट घालता येत नाही. तेव्हा पेंडीचे पैसे जमेत धरून हिशेब मांडू नका.