न्हावा-शेवाचा धूर, कोराडीची राख

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

जहाज धक्क्याला लागलं की त्याचं मुख्य इंजिन थांबतं, पण जहाज थांबत नाही. आतले दिवे, पंप, खलाशांचं स्वयंपाकघर सगळं चालू असतं. मोठं कंटेनर जहाज असेल तर शेकडो रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे कंटेनर, त्याच्या विजेवर असतात. ही वीज जहाजाच्या पोटातली सहायक इंजिनं तेल जाळून तयार करतात. माल उतरवायला-चढवायला एक दिवस लागो की दोन, तेवढा सगळा वेळ धुराडं चालूच. त्यात भर क्रेनची, जहाज ओढून आणणाऱ्या टगची आणि गेटबाहेर इंजिन चालू ठेवून ताटकळणाऱ्या ट्रेलरच्या रांगेची. बंदराचं उत्सर्जन म्हणतात ते हे सगळं मिळून. ते कमी करायला सरकारने पैसा कसा द्यावा, हा आजचा विषय.

मुंबईजवळचं न्हावा-शेवा बंदर इथून आठशे किलोमीटरवर. मग हे नागपुरात कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. एक कारण उघड आहे. बुटीबोरीचं सूत, गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ, मॅंगनीजवर चालणाऱ्या कारखान्यांचे मिश्रधातू, असा कितीतरी माल नागपुरातल्या अजनीच्या डेपोतून किंवा मिहान या औद्योगिक क्षेत्रातून कंटेनरात भरून न्हावा-शेवाकडे निघतो. त्या कंटेनरचा बंदराकडचा प्रवास इथेच सुरू होतो. दुसरं कारण विजेचं आहे, आणि आज माझा बराचसा वेळ त्यालाच जाणार आहे.

आधी पैशाकडे येऊ. अमेरिकेने २०२२ च्या महागाईविषयक कायद्यात बंदरांच्या शुद्धीकरणासाठी ३ अब्ज डॉलर बाजूला काढले. त्या वेळच्या दराने सुमारे २४ हजार कोटी रुपये. ऑक्टोबर २०२४ मध्ये २७ राज्यं आणि प्रदेशांतल्या ५५ अर्जदारांची निवड जाहीर झाली. एकट्या लॉस एंजेलिस बंदराच्या वाट्याला ४० कोटी डॉलरहून जास्त आले. पुढे तिथलं सरकार बदललं, धोरणाचा सूर बदलला, ते सोडा. मला त्या योजनेची रचना महत्त्वाची वाटते. बहुतेक रक्कम यंत्रसामग्रीसाठी होती: विजेवरच्या क्रेन, ट्रक, जहाजांना धक्क्यावरून वीज देण्याची सोय. पण सुमारे १५ कोटी डॉलर नुसते मोजणीसाठी आणि नियोजनासाठी राखून ठेवले होते. आपल्या बंदरातून नेमका किती धूर जातो आणि कुठून जातो, याची नोंद ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना आधी ती नोंद तयार करायला पैसे. हा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो. मोजलंच नाही तर अनुदान देऊन काय कमी झालं, हे सांगणार कोण?

आपल्याकडे काय चाललंय? मे २०२३ मध्ये केंद्राच्या बंदरे, जहाजवाहतूक आणि जलमार्ग मंत्रालयाने 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वं आणली. प्रमुख बंदरांनी दर टन मालामागचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी करायचं. २०३० पर्यंत निम्मी यंत्रं विजेवर, आणि वापरातली ६० टक्के वीज अपारंपरिक स्रोतांची. ऑगस्ट २०२४ मध्ये हरित टगची योजना आली. तिच्या पहिल्या टप्प्यात जेएनपीएसह (म्हणजे न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर) चार बंदरांनी किमान दोन-दोन हरित टग विकत किंवा भाड्याने घ्यायचे आहेत. जेएनपीएत २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे विजेवरचे ट्रक धावू लागले. कांडला, पारादीप आणि तुतिकोरीन ही हायड्रोजनची केंद्रं व्हायची आहेत. दिशा बरोबर आहे, आणि हे काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

तरीही दोन आकड्यांपाशी मला थांबावंसं वाटतं.

पहिला आकडा 'दर टन' या शब्दांत आहे. समजा, एका बंदराने टनामागचं उत्सर्जन खरोखर ३० टक्क्यांनी घटवलं, आणि तेवढ्याच काळात तिथली मालवाहतूक दुप्पट झाली. एकूण धूर १०० वरून १४० वर जाईल आणि कागदावर उद्दिष्ट पूर्ण झालेलं असेल. पालघर जिल्ह्यात वाढवणला २९.८ कोटी टन क्षमतेचं बंदर उभं राहतंय, खर्च ७६,२२० कोटी. मालवाहतूक वाढणार, हे तर सरकारचंच म्हणणं आहे. अशा वेळी सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक बंदराने एकूण उत्सर्जनाचा आकडाही दरवर्षी जाहीर केला पाहिजे. हवेला टनांचा हिशोब कळत नाही.

दुसरा आकडा विजेचा. धक्क्यावरून जहाजाला वीज देतात म्हणजे काय करतात, ते जरा जवळून पाहू. धक्क्यावर एक पेटी असते. मनगटाएवढ्या जाडीच्या केबल येऊन तिला जोडल्या जातात, दाब साधारण ६,६०० व्होल्ट. आपल्या ग्रीडची, म्हणजे देशाच्या वीजजाळ्याची, वारंवारता ५० हर्ट्झ, बहुतेक मोठ्या जहाजांची ६०. म्हणजे मध्ये वारंवारता बदलणारं यंत्र बसवावं लागतं, आणि सगळ्या खर्चात तेच अंगावर येतं. मग जहाजावरचा अभियंता दोन्हीकडचा दाब, वारंवारता आणि फेज जुळवतो, भार हळूहळू धक्क्यावरच्या विजेवर सरकवतो आणि शेवटी एकेक जनरेटर बंद करतो. धुराडं थंड पडतं. धक्क्यावरच्या कामगाराला आणि बंदराशेजारच्या उरणच्या माणसाला याचा फायदा त्याच दिवशी मिळतो. नायट्रोजनची ऑक्साइडं नाहीत, काजळी नाही. एवढ्यासाठीसुद्धा हे करायला हवं, यात मला शंका नाही.

पण आपला विषय हरितगृह वायूंचा आहे. जहाजाचं सहायक इंजिन एक युनिट वीज काढायला दोनशे ग्रॅमहून थोडं जास्त तेल जाळतं. किलोभर तेलातून सुमारे ३.२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे युनिटमागे पाऊण किलोच्या थोडं आत, साधारण ०.६५ ते ०.७ किलो. आता आपल्या ग्रीडचं पाहा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या अलीकडच्या हिशोबानुसार देशातल्या सरासरी युनिटमागे ०.७ किलोहून थोडा जास्त. वहनातली गळती वेगळीच. सरळ अर्थ असा की, जहाजाची तार आजच्या सरासरी ग्रीडला जोडली तर कार्बन डायऑक्साइड कमी होत नाही. तो धक्क्यावरून निघायचा, आता दुसरीकडून निघतो.

आणि हे दुसरीकडे म्हणजे कुठे, हे नागपूरकरांना मी सांगायला नको. ग्रीडमधली कोणती वीज कुठे गेली हे वेगळं काढता येत नाही, हे खरं. पण महाजनको या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीच्या औष्णिक विजेचा मोठा वाटा विदर्भातून जातो. चंद्रपूर २,९२० मेगावॉट, खापरखेडा १,३४०, नागपूरजवळच्या कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आणि आणखी दोन मंजूर. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेच्या बंधाऱ्याला खसाळ्याजवळ भगदाड पडलं आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत शिरलं. ज्या कुटुंबांच्या धुऱ्यावर ती राख पसरली, त्यांना कुणी सांगावं की न्हावा-शेवाचा धक्का आता हरित झाला? बंदराच्या शुद्धीकरणाचं बिल कोराडी-खापरखेड्याच्या गावांनी भरायचं, ही व्यवस्था मला मान्य नाही, आणि ती तुम्हालाही मान्य नसावी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: बंदराला सरकारी पैसा जरूर द्या, भरपूर द्या, पण वीज कुठून येणार हे अर्जाच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. नवी सौर किंवा पवन क्षमता, साठवणुकीसह, त्या धक्क्यासाठी करारबद्ध झाली असेल तरच अनुदानाचा पूर्ण हप्ता सुटावा. साठवणूक हवीच, कारण जहाज रात्रीही धक्क्याला असतं. वर्षाअखेरीस 'आम्ही एवढी हरित युनिटं विकत घेतली' असा कागद पुरेसा धरू नये. दुपारी सूर्याची आणि रात्री कोळशाची वीज घेऊन बेरीज जुळवता येते, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

सरकारने पैसा घालायचाच कशाला, जहाज कंपन्या श्रीमंत आहेत, हाही प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. धक्क्यावर पेटी नाही म्हणून जहाजमालक जहाजावर जोडणी बसवत नाही, आणि जोडणी असलेली जहाजं मोजकी म्हणून बंदर पेटी बसवत नाही. लॉस एंजेलिसने २००४ मध्ये कंटेनर जहाजाला धक्क्यावरून वीज दिली, तरी तिथला वापर खऱ्या अर्थाने वाढला तो कॅलिफोर्नियाच्या २००७ च्या नियमाची सक्ती २०१४ पासून सुरू झाल्यावर. युरोपने २०३० पासून आपल्या मोठ्या बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांवर अशीच सक्ती ठेवली आहे. पैसा कोंडी फोडतो आणि सक्तीमुळे पेटी धूळ खात पडत नाही. आपण अजून सक्तीविषयी फार दबक्या आवाजात बोलतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर उत्सर्जनावर शुल्क आणि त्यातून निधी, असा आराखडा एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत मान्य झाला होता. ऑक्टोबरमध्ये त्याचा स्वीकार वर्षभर लांबणीवर पडला. त्यामुळे सध्या तरी भार देशोदेशींच्या तिजोऱ्यांवरच आहे. आपल्या तिजोरीने किती उचललाय? राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान १९,७४४ कोटींचं, त्यात जहाज वाहतुकीच्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी ११५ कोटी. शंभर रुपयांत अठ्ठावन्न पैसे. ज्या क्षेत्रात बॅटरी लांब पल्ल्याला पुरत नाही आणि नव्या इंधनाशिवाय गत्यंतर नाही, त्याच्या वाट्याला एवढंच.

वाढवणबद्दल थोडं. तिथल्या मच्छीमारांचा विरोध मी हलका धरत नाही. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे आणि त्यांची भीती निराधार नाही. पण बंदर होणारच असेल, तर एक गोष्ट आत्ताच ठरली पाहिजे. धक्का बांधतानाच त्याच्या पोटातून केबलचे मार्ग आणि उपकेंद्राची जागा सोडली, तर खर्च आटोक्यात राहतो. काँक्रीट झाल्यावर तेच काम करायचं म्हणजे धक्का बंद ठेवून फोडाफोड.

आता आपल्या अंगणात. अजनीहून किंवा मिहानमधून निघालेला कंटेनर विजेवरच्या मालगाडीने गेला, तर त्याच्या प्रवासातलं उत्सर्जन डिझेलच्या ट्रेलरपेक्षा कितीतरी कमी होतं. त्यासाठी कुठलाही नवा शोध लागायला नको. लागतात ते वेळेवर मिळणारे रेक (मालगाडीच्या डब्यांचे संच), पुरेशा सायडिंग (माल चढवण्या-उतरवण्याचे बाजूचे रूळ) आणि परवडणारा दर. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटर पूर्ण झाला आणि ट्रेलरवाल्यांची मोठी सोय झाली, पण त्याच सोयीने रुळावरचा माल रस्त्यावर येऊ शकतो. बंदराच्या हरितीकरणाचा निधी बंदराच्या कुंपणापाशी संपतो, हे मला त्याचं मोठं न्यून वाटतं. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी (रेल्वे) गावच्या ड्रायपोर्टला, म्हणजे जमिनीवरच्या कंटेनर बंदराला, अजनीला, मिहानला त्याच निधीतून सायडिंग आणि विजेवरच्या क्रेनसाठी पैसा मिळायला हवा. बंदराचं गेट जितकं उरणला आहे, तितकंच ते इथेही आहे.

व्याख्यानानंतर एका वाहतूक व्यावसायिकांनी विचारलं, "सर, माझे तीनच ट्रेलर आहेत. विजेचा ट्रक मी कुठून घेऊ?" त्यांचा प्रश्न इथे नोंदवतो, कारण या सगळ्या योजनांची खरी परीक्षा तिथेच आहे. 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत विजेवरच्या ट्रकसाठी ५०० कोटी आहेत. एका ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख, सुमारे ५,६०० ट्रकपुरते, आणि जुना डिझेल ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र दाखवायचं. ट्रकची किंमत मात्र डिझेल ट्रकच्या दुपटीहून जास्त. मोठी कंपनी उरलेली रक्कम उभी करील. तीन ट्रेलरवाल्याचा जुना ट्रक हेच त्याचं तारण आणि तीच त्याची रोजी. तो आधी भंगारात काढ म्हटलं तर तो घरी बसेल. त्यांना मी एवढंच सांगितलं की, अशा मालकाला अनुदानापेक्षा कामाची हमी जास्त उपयोगाची पडेल. टर्मिनलने पाच वर्षांच्या फेऱ्या लेखी बांधून द्याव्यात, त्या करारावर बँकेने कर्ज द्यावं आणि सरकारने व्याजाचा भार उचलावा. बंदरांना मिळणाऱ्या निधीत ही तरतूद घालायला नवा कायदा लागत नाही. आपल्या खासदारांकडे हे मागा, आणि मागताना या गृहस्थांना सोबत घेऊन जा.