तिच्यासाठी रांग कुठे आहे?

नमस्कार मंडळी.

टेक्सासमधल्या आपल्या मंडळाच्या या कार्यक्रमात मला दिवाळीच्या आठवणींवर बोलायला सांगितलं होतं. सोऱ्या, किल्ल्यावरचे मावळे, पहाटेचा रेडिओ, हे सगळं तुमच्यापाशी आहेच. अध्यक्षांच्या परवानगीने मी आज वेगळं बोलते, कारण आमच्या घरात उन्हाळ्यापासून अमेरिकेत कागदांविना राहणाऱ्या माणसांवरून एक वाद पेटलाय आणि तो विझत नाही.

गारपिटीनंतर आपल्या भागातल्या कितीतरी घरांची छपरं बदलावी लागली. आमच्याकडे आलेली माणसं उजाडताच वर चढली. टेक्सासच्या उन्हात शिंगल्स इतके तापतात की गुडघा टेकवत नाही. ती माणसं जुन्या सोफ्याच्या फोमचे तुकडे खाली घेऊन त्यावर बसून खिळे मारत होती. त्या रात्री जेवायला आलेले एक स्नेही म्हणाले, "कामं चांगली करतात, पण कागद किती जणांकडे असतील? आपण रांगेत उभे राहिलो, यांनीही राहावं." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमची मुलगी तेवढी म्हणाली, "काका, माझ्या मैत्रिणीचे बाबा हेच काम करतात. तिच्यासाठी रांग कुठे आहे ते सांगा, मी उद्याच तिला नेऊन उभी करते."

त्यावर "तू लहान आहेस"पासून "शाळेत हेच शिकवतात का"पर्यंत सगळं झालं. उत्तर मात्र कुणी दिलं नाही. मग मीच ती रांग शोधायला बसले.

ही मैत्रीण 2008 साली जन्मलेली, कुटुंब मेक्सिकोचं. आईच्या कडेवर बसून आली. लहानपणी कागदांविना आणलेल्या मुलांसाठी ओबामांनी 2012 मध्ये डाका (DACA) आणलं खरं, म्हणजे हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण आणि कामाचा परवाना, पण त्याची अट 15 जून 2007 पासून इथे असण्याची. जी तेव्हा जन्मलीच नव्हती, तिने ही अट पाळायची कशी? शिवाय टेक्सासमधल्या कोर्टाच्या 2021 च्या निकालापासून नवे अर्ज मंजूर होणंच थांबलं. तिच्या वडिलांचं म्हणाल, तर अकुशल कामगारांसाठी नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं साऱ्या जगाला मिळून वर्षाला फार तर 10,000. भाऊ अमेरिकन नागरिक असला, तरी मेक्सिकोच्या माणसाला वीस वर्षांहून जास्त वाट पाहावी लागते. आणि वर्षभराहून अधिक काळ बिनकागदांचा राहिलेला माणूस अर्ज करायला म्हणून देशाबाहेर पडला, की 1996 च्या कायद्याने सहसा दहा वर्षं परत येऊ शकत नाही. म्हणजे आपण ज्यांना रांग दाखवतो, त्यातल्या बहुतेकांना उभं राहायला जागाच नाही.

आणि आपली रांग तरी कुठे सरकतेय? ईबी-टू आणि ईबी-थ्री या नोकरीवरच्या ग्रीन कार्डांच्या वर्गांत 2025 मध्येही भारतीयांची रांग 2013 च्या आसपासच्या अर्जांपाशी घुटमळत होती. याच सभागृहात अशी मुलं बसली आहेत जी व्हिसावर आली, इथेच वाढली, आणि एकवीस पूर्ण होताच आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतील. त्यांनाही डाका नाही, कारण त्यांच्याकडे व्हिसा होता! ज्या कायद्याने त्या मुलीला दार बंद केलं, त्याच कायद्याने आपल्या मुलांना ताटकळत ठेवलंय. तरीही आपण दोन्हीकडची गाऱ्हाणी एका जागी मांडायला तयार नाही.

तेही एक वेळ मान्य केलं असतं, पण आपल्या बोलण्यातला कोरडेपणा मला सहन होत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत 104 भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलं. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज काय आला आठवतंय ना? "आपले नाहीत, पंजाबी-गुजराती आहेत." नंतर बातमीत आलं की त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. मग ग्रुप गप्प झाला. बेड्यांतला माणूस आपल्या जिल्ह्याचा निघाल्यावरच आपल्याला वाईट वाटणार असेल, तर मंडळी, आपलं काहीतरी बिघडलंय.

1923 साली इथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की हिंदुस्थानी माणूस नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या आपल्या कितीतरी लोकांचं नागरिकत्व सरकारने काढून घेतलं. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः नागरिक होते, म्हणून त्यांच्यावरही खटला आला. ते लढले आणि जिंकले. काल कायदेशीर असलेला माणूस आज बेकायदा ठरतो, हे या देशाने आपल्याच लोकांच्या बाबतीत करून दाखवलंय.

म्हणून कायदा नको, असं मी म्हणत नाही. सीमा हवी, तिच्यावर पहारा हवा. जानेवारी 2022 मध्ये कॅनडातल्या एमर्सनजवळ, सीमेपासून थोड्या अंतरावर, गुजरातच्या डिंगुचा गावचं चार जणांचं कुटुंब बर्फात गोठून मेलं. त्यात दोन लेकरं होती. घरदार विकायला लावून माणसं अशी पाठवणाऱ्या एजंटांना कठोरातली कठोर शिक्षा व्हावी. पण कारवाईचा बडगा कुणावर पडतो ते पाहा. 1986 मध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे 27 लाख लोकांना कागद मिळाले, आणि बदल्यात बिनकागदांच्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकावर दंड लागला. नोकरीच्या पहिल्या दिवशी आपण भरतो तो आय-नाइन फॉर्म तेव्हाचाच. पण मालकाने 'जाणूनबुजून' ठेवलं हे सिद्ध करावं लागतं, आणि खोटी कागदपत्रं पाहूनही मालक सुटतो. मालक सुटला, कामं चालू राहिली, माणसं येत राहिली. आपल्यातही मोटेल आणि रेस्टॉरंटवाले आहेत. रोख पगारावर माणूस ठेवायचा आणि रविवारी इथे येऊन घुसखोरीवर बोलायचं, हे आता थांबवा.

मला स्वतःला एक जुनी वाट पटते. 1929 पासून कायद्यात तरतूद आहे की अमुक तारखेच्या आधीपासून इथे राहणाऱ्या, चारित्र्य चांगलं असलेल्या माणसाने अर्ज करून ग्रीन कार्ड घ्यावं. ती तारीख काँग्रेस, म्हणजे इथली संसद, अधूनमधून पुढे सरकवत असे. शेवटची सरकवली 1986 मध्ये, आणि आजही ती 1 जानेवारी 1972 आहे. ती पुढे आणा, सोबत मालकांवर खरी कारवाई करा, आणि आपल्या मुलांची रांगही त्याच विधेयकात सोडवा. 2013 मध्ये असंच एक व्यापक विधेयक सिनेटमध्ये 68 विरुद्ध 32 मतांनी संमत झालं होतं. संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, हाउसने, ते मतदानालाच घेतलं नाही.

माझ्या नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, ज्यांनी वर्षानुवर्षं फी भरली, वडील गेले तरी परतीच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग अडेल या भीतीने भारतात गेले नाहीत, त्यांना काय सांगायचं? हे दुःख खरं आहे. मुलीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं म्हणून त्याच्या प्रश्नाला मिळत नाही.

आता आपल्या मंडळापुरतं. आपल्या मदतनिधीच्या अर्जात कायदेशीर वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आपल्यातलं एक कुटुंब व्हिसा संपल्यापासून कार्यक्रमांना येत नाही. त्यांच्या घरी आजारपण आहे आणि या अटीमुळे ते अर्ज करत नाहीत. ही अट काढावी असं माझं स्पष्ट मत आहे. खजिनदार विचारतात, कायद्यात बिनकागदांच्या माणसाला आसरा देण्याविरुद्ध कलम आहे, उद्या मंडळालाच नोटीस आली तर? त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा विषय येतोय. सभासदांना बोलायचा हक्क आहे. या आणि बोला.