माळ्यावरचा वेताळ

(ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘जुन्या कॉमिक्सचे घरगुती जतन : पिशवी, पुठ्ठा आणि पेटी’ असा छापला आहे आणि त्या तिन्ही वस्तूंविषयी मी बोलणारच आहे. मात्र भेटेल त्या संग्राहकाला गेली कित्येक वर्षे मी जे ऐकवत आलो आहे, ते आधी ऐकवल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. आपल्या हवेत अंक सांभाळायचा असेल तर आधी खोली सांभाळावी लागते, आणि घरातली सर्वांत वाईट जागा म्हणजे माळा. विक्रमाने वेताळाला निदान खांद्यावर वाहिले. आपण त्याला पितळी पातेली आणि दिवाळीचा कंदील यांच्यामध्ये माळ्यावर चढवले आणि शिडी काढून घेतली.

‘इंद्रजाल’ म्हणजे काय हे या सभागृहात सांगण्याची गरज दिसत नाही. पहिल्या तीन रांगांतील केसांचा रंग मला पुरेसा बोलका वाटतो. मार्च १९६४ मध्ये वेताळाच्या, म्हणजे मुखवटाधारी फँटमच्या, कथेने सुरू झालेली ही कॉमिक्सची मालिका १९९० मध्ये बंद पडली. बी. गोविंद यांची मुखपृष्ठे आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांच्या कल्पनेतून आलेला नायक बहादूर आपल्यापैकी अनेकांना पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट आठवतात. मात्र हे अंक कोणी पन्नास वर्षे ठेवण्यासाठी छापले नव्हते. ते गाडीत वाचायचे, शेजारच्या मुलाला द्यायचे आणि शेवटी रद्दीच्या तराजूत घालायचे, अशाच हिशेबाने त्यांचा कागद निवडला गेला होता. लाकूड यंत्राने भरडून केलेल्या स्वस्त लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू घट्ट धरून ठेवणारे द्रव्य, तसेच राहते. प्रकाश आणि हवा लागली की ते पिवळे पडते, कागदात आम्ल तयार होते आणि ते आम्ल तंतूंचे तुकडे पाडत जाते. आजचे वर्तमानपत्र गॅलरीत चार दिवस उन्हात टाकून पाहा, तुमच्या अंकाचे भविष्य तुम्हाला तिथे दिसेल. उष्णता आणि दमटपणा ही क्रिया वेगाने पुढे नेतात, आणि स्लॅबखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये एक आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुसरे, अशी दोघांचीही सोय असते.

आता एक जुनी तक्रार. ती मी इतक्यांदा सांगितली आहे की घरची मंडळी आज मुद्दामच आलेली नाहीत.

१९७८ च्या मे महिन्यात आमच्याकडे मराठी इंद्रजालचे छत्तीस अंक होते आणि ते वाड्यातल्या मुलांच्या हातांत सतत फिरत असत. वडील शिस्तीचे होते. सुटा अंक हरवतो, बांधलेले पुस्तक हरवत नाही, असे त्यांचे मत होते, आणि त्या मताप्रमाणे एका रविवारी ते सगळे अंक वर्तमानपत्रात गुंडाळून गल्लीतल्या बाइंडरकडे घेऊन गेले. मीही सोबत होतो. तळघरवजा खोलीत स्टोव्हवर खळ शिजत होती आणि बाइंडर त्यात चिमटीने निळे खडे टाकत होते. ते मोरचूद होते. त्याने कसर लागत नाही, असे त्यांनी मला फार मायेने समजावून सांगितले, आणि ते खरेही होते. परंतु मोरचुदातले तांबे कागदाचा ऱ्हास लवकर घडवून आणते, हे त्या वेळी ना त्यांना ठाऊक होते, ना वडिलांना. पंधरा दिवसांनी अठरा-अठरा अंकांचे दोन जाडजूड खंड घरी आले. तांबड्या रेक्झिनच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत ‘इंद्रजाळ’ असे लिहिले होते. ‘ल’च्या जागी ‘ळ’ का, असे मी विचारले, तेव्हा शुद्ध मराठीत असेच म्हणतात, असे वडिलांनी सांगून टाकले.

खंड उघडल्यावर मात्र मी रडलो. सगळी मुखपृष्ठे गेली होती, कारण त्यांचा जाड कागद शिवणीत नीट बसत नाही. बाजूने टोचून शिवल्यामुळे प्रत्येक पानावरची आतली चित्रे सांध्यात अर्धी बुडाली होती. ती पाहण्यासाठी खंड दोन्ही हातांनी दाबून फाकवावा लागे, आणि तसे करता करता पुढे पाने शिवणीपाशीच तुटली. कडा सारख्या दिसाव्यात म्हणून यंत्राने तिन्ही बाजूंनी छाटल्या होत्या. एका पानावर ‘सावधान’ मधला ‘सा’ त्या छाटणीत गेला असल्यामुळे आमचा वेताळ आजतागायत गुंडांना ‘वधान’ असे दरडावतो आहे.

वडिलांना मी दोष देत नाही. त्यांनी पैसे मोजून, स्वतः हेलपाटा घालून, त्या काळी चांगल्या पुस्तकाला जो मान देत असत तोच मान कॉमिकला दिला होता. बाइंडरही आपल्या कामात वाकबगार होते. पुस्तक म्हणून तो खंड आजही सरळ उभा राहतो. पुढे रेक्झिनला तडा गेला तेव्हा पाठीच्या आत ताठरपणासाठी घातलेली दोन बोटे रुंदीची पट्टी बाहेर आली. ती आमच्याच एका अंकाच्या मुखपृष्ठाची होती, आणि तिच्यावर वेताळाच्या कमरपट्ट्यातली कवटी शाबूत होती. अंधारात, हवा न लागता इतकी वर्षे राहिल्यामुळे तिचे रंग संपूर्ण खंडात सर्वांत ताजे होते. शेजारी, खळ जिथे जाड लागली होती तिथे, पानांच्या सांध्यालगत तपकिरी पट्टा उमटला होता आणि बोट लावताच तिथला कागद पापडासारखा मोडत होता.

दुसरा गुन्हा माझा स्वतःचा आहे, त्यामुळे तो थोडक्यात सांगतो. पुढे मी पुन्हा अंक जमवले आणि परदेशी संग्राहक प्रत्येक अंक पिशवीत ठेवतात हे वाचून साड्यांच्या पारदर्शक, चेनच्या पिशव्या आणल्या. दिवस ऑगस्टचे होते आणि बाहेर संततधार चालू होती. दोनशे अंक मी एका रात्रीत पिशव्यांत बंद केले. म्हणजे खरे तर दोनशे अंकांबरोबर दोनशे पिशव्या पावसाळी हवा कोंडून ठेवली. पुढच्या वर्षी उघडून पाहतो तो पानांवर बुरशीचे तपकिरी ठिपके होते आणि काही मुखपृष्ठांची शाई प्लास्टिकला चिकटून सोलली गेली होती. नव्या पिशवीला जो उग्र वास येतो, तो मऊ पीव्हीसीमध्ये घातलेल्या द्रव्यांचा असतो, हे मी त्यानंतर शिकलो. सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीला वाव मिळतो, आणि मुंबईत व कोकणात जुलैमध्ये ती पंच्याऐंशीच्या घरात असते. परदेशी पुस्तकांतले सल्ले चुकीचे नाहीत. त्यांनी गृहीत धरलेली हवा वेगळी आहे.

त्या हवेचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील कोलोराडोचे आहे. एडगर चर्च नावाच्या व्यावसायिक चित्रकाराने १९३० च्या दशकापासून कॉमिक्स घेऊन घरात नुसते थर रचून ठेवले होते. १९७७ मध्ये चक रोझान्स्की या विक्रेत्याने तो हजारो अंकांचा साठा विकत घेतला, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीचे अंक नव्यासारखे निघाले आणि ‘माइल हाय’ हे त्या संग्रहाचे नाव जगभर झाले. तिथे ना विशेष पिशवी होती, ना खास पुठ्ठा. कोलोराडोतल्या डेन्व्हरची कोरडी, थंड हवा, अंधार आणि वरच्या अंकांच्या भाराने खालच्या पानांत हवाच शिरू न शकणे, एवढ्यावर ते काम झाले. तेच थर आमच्या माळ्यावर रचले असते तर वाळवीने उद्घाटन केले असते.

चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत म्हणतात. तेव्हा पत्रिकेवरचा विषय आता सुरू करतो.

पिशवी पॉलिएस्टरची असावी. ती महाग पडते, परंतु त्यातून काही बाहेर पडत नाही. न परवडल्यास पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी आणि काही वर्षांनी बदलावी. अंक कोरड्या दिवसात, म्हणजे आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीत भरावेत, आणि पिशवीचे तोंड दुमडून ठेवावे, चिकटपट्टीने बंद करू नये. अंक बाहेर काढताना तीच पट्टी मुखपृष्ठाला धरते आणि वरचा रंग घेऊन जाते. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा डिंक कागदात झिरपून तेलकट पिवळा डाग पडतो. दुरुस्ती करायचीच असेल तर पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरावी, मोरचूद न घालता. लॅमिनेशनविषयी मी सात मिनिटांत बोलू शकत नाही, माझा रक्तदाब वाढतो.

पिशवीत अंकामागे ठेवायचा पुठ्ठा आम्लविरहित आणि शक्यतो कॅल्शियम कार्बोनेट घातलेला असावा. शर्टाच्या घडीत येणारा किंवा बाइंडरकडचा राखाडी पुठ्ठा चालत नाही, कारण त्यातले आम्ल अंकात उतरते. आम्लता तपासण्याचे पेन मिळते. पुठ्ठ्यावर रेघ ओढली आणि ती जांभळी राहिली तर घ्यावा, पिवळी झाली तर दुकानदाराला परत द्यावा.

पेटीत अंक उभे, एकमेकांना आधार देतील इतपत दाटीने ठेवावेत. सैल ठेवले तर वाकतात, कोंबले तर कोपरे मोडतात. पेटी लोखंडी कपाटात, जमिनीपासून वीतभर वर असावी आणि कपाट पावसाची ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. २६ जुलै २००५ नंतर तळमजल्यावरच्या संग्राहकांना ‘वीतभर’ हा शब्द हास्यास्पद वाटेल, तो त्यांनी ‘पुरुषभर’ असा वाचावा. कपाटात एक आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पुडीचा रंग बदलला की ती वाळवून पुन्हा वापरता येते, रंग न बदलणारी पुडी मात्र आपल्याला फसवते. डांबरगोळ्यांचा प्रश्न नेहमी येतो म्हणून सांगतो : त्या बुरशी थांबवत नाहीत आणि त्यांची वाफ माणसाला अपायकारक आहे. वेखंडाच्या पुरचुंडीवर पोथ्या टिकल्या असे म्हणतात. त्या पोथ्या दर वर्षी उघडून वाचल्या जात होत्या, हेही लक्षात घ्यावे. कसर लागलेला अंक हवा काढलेल्या बंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये उणे अठरा-वीस अंशांवर दोन आठवडे ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये, म्हणजे पाणी पिशवीच्या बाहेरच जमेल. घरच्यांना आधी सांगावे. आमच्याकडे मटारच्या पाकिटाऐवजी इंद्रजालमधला जादूगार मँड्रेक बाहेर आला होता.

गंजलेल्या पिना ओढून काढू नयेत. बोथट चाकूने मागचे पाय सरळ करून उचलाव्यात आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालावा. हातमोजे लागत नाहीत, त्याने बोटांना कागद कळत नाही आणि पान फाटते. स्वच्छ धुऊन पुसलेले कोरडे हात पुरतात.

तो तांबडा खंड आणि ती पट्टी मी टेबलावर मांडून ठेवली आहे, मंडळींनी एकेक करून येऊन पाहावी. फक्त त्या कोपऱ्यातला पंखा कृपया बंद करा. तिसऱ्या अंकाचे मधले पान सुटे आहे.